रोज चालवायच्या ऑक्टाव्हिया आरएसला कोणता क्लच घालावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी २००६ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, पाच गिअरची, आधीच्या मालकाने रिमॅप (इंजिनाच्या संगणकातलं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून घेतलेली. चौथ्या गिअरमध्ये अडीच-तीन हजारांच्या आसपास पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी मागेच राहते. रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून दोनतीनदा ताम्हिणी किंवा महाबळेश्वर. मित्र सांगतायत, सहा पकचा (म्हणजे अखंड गोल लायनिंगऐवजी सहा सुटे तुकडे असलेला) ‘स्टेज ३’ सिरॅमिक क्लच टाक, सोबत हलकं फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारी तबकडी, जिला क्लच धरतो) टाक, म्हणजे विषयच संपला. तुम्ही विचारताय, स्टेज ३ घ्यावा की स्टेज २ पुरेल?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या वापराला पूर्ण गोल ऑरगॅनिक लायनिंगची (लायनिंग म्हणजे घासून धरणारा थर), मध्ये स्प्रिंग असलेली क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी, मूळपेक्षा जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि बऱ्यापैकी वजनाचं, एकसंध पोलादी (सिंगल मास) फ्लायव्हील, एवढं पुरे. सहा पकचा सिरॅमिक क्लच या गाडीत घालू नका. आणि हे सगळं मागवायच्या आधी, घसरतोय तो क्लच नेमका कशामुळे घसरतोय ते पाहून घ्या.

‘स्टेज’ हा शब्द डोक्यातून काढून टाकू. त्याला कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीचा स्टेज १ दुसरीच्या स्टेज २ पेक्षा भक्कम निघतो. विकणाऱ्याला एकच विचारा, हा सेट किती न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा पीळ) धरतो? तो ‘तीनशे बीएचपीपर्यंत चालेल’ असं म्हणाला तर पुन्हा टॉर्कच विचारा. क्लचला बीएचपी कळत नाही. साडेसहा हजार आरपीएमला इंजिन किती ताकद देतं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. अडीच हजारांवर टर्बो भरल्याबरोबर जो पीळ येतो तो त्याला सोसायचा असतो. तुमचा क्लच बरोबर तिथेच सुटतोय.

भारतातल्या मूळ आरएसला १५० पीएस (जवळपास तेवढेच बीएचपी) आणि २१० न्यूटन मीटर होते. साध्या रिमॅपने हे इंजिन १९० पीएसच्या आणि २८०-२९० न्यूटन मीटरच्या आसपास जातं. म्हणजे ताकद पाव हिश्शाने वाढली, पण टॉर्क तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. आधीच्या मालकाकडे डायनोचा (ताकद आणि टॉर्क मोजणाऱ्या यंत्राचा) कागद असेल तर जरूर मागून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्या एका आकड्यावर उभा आहे.

आता घसरण्याचं कारण. रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरला दोन हजारांवर गाडी आणा आणि पूर्ण पाय द्या. काटा आणि वेग जोडीने चढले तर क्लच धरतोय. काटा उडी मारून गेला आणि वेग मागून रेंगाळत आला तर घसरतोय. चाचणी एक-दोनदाच करा, दर वेळी लायनिंग जळतं. गार गाडीत धरतो आणि तासभर ट्रॅफिकमध्ये काढल्यावर सुटतो, असं असेल तर तेही लिहून ठेवा, त्याचं कारण खाली येईल.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ अशीच गाडी घेऊन आले होते. परदेशातून मागवलेला महागडा सेट डिकीत तयार होता, फक्त बसवून द्या म्हणाले. गिअरबॉक्स उतरवला तर बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) आत काळं, चिकट ऑइल. क्रँकचं मागचं सील गळत होतं. क्लच प्लेट हातात घेतली तर तिच्यावर अजून चांगली जाडी शिल्लक होती, पण लायनिंग ऑइल पिऊन तपकिरी-काळं झालेलं, नखाने खरवडलं की नखाखाली ओला चिकटा येई. नवा सेट तसाच चढवला असता तर सहा महिन्यांत तोही भिजला असता. सील बदलल्याशिवाय मी तो बसवला नाही, आणि ते बरोबरच झालं असं आजही वाटतं.

दुसरं कारण हायड्रॉलिकचं. पेडल सोडल्यावरही मास्टर सिलेंडरमध्ये (पेडलकडच्या) थोडा दाब अडकून राहिला तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकूनच राहतं, म्हणजे तुम्ही सतत अर्धवट क्लच दाबून गाडी चालवताय असंच होतं. घसरायला लागला की गाडी थांबवून स्लेव्ह सिलेंडरचा (गिअरबॉक्सकडच्या) ब्लीड निपल क्षणभर सैल करून पाहा. थोडं ऑइल दाबाने उडून क्लच पुन्हा धरायला लागला तर दोष क्लचमध्ये नाही, वर हायड्रॉलिकमध्ये आहे. या गाडीत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर, दोन बोल्टवर आहे, त्यामुळे ही तपासणी दहा मिनिटांची.

ही दोन्ही कारणं नसतील, तरच मोठ्या क्लचचा विचार करायचा. तो कसा करायचा यासाठी एक छोटा हिशोब मांडतो. मला वाटतं हा हिशोब कळला की कोणी काहीही विकायला आलं तरी तुम्ही गोंधळणार नाही.

क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घासणाऱ्या बाजू किती, लायनिंगची पकड किती, प्रेशर प्लेटचा दाब किती आणि लायनिंग मध्यापासून सरासरी किती अंतरावर आहे. एका प्लेटला दोन बाजू. हिशोबापुरतं धरू की प्लेटचा बाहेरचा व्यास २२८ मिलिमीटर आणि लायनिंगचा आतला १५० मिलिमीटर, म्हणजे सरासरी त्रिज्या साधारण ९४ मिलिमीटर. दाब ५,५०० न्यूटन धरू. ऑरगॅनिक लायनिंगची पकड, म्हणजे घर्षणांक, ०.३. गुणाकार केला की ३१० न्यूटन मीटर येतात. इंजिन २१० देत होतं तेव्हा क्लच त्याच्या जवळजवळ दीडपट धरू शकत होता, म्हणून मूळ गाडी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

आता रिमॅपने २९० केले. कागदावर अजूनही ३१० मध्ये २९० बसतात. पण हा नव्या, थंड क्लचचा आकडा आहे. हिंजवडीच्या रस्त्यावर तासभर हाफ क्लचवर रांगल्यावर लायनिंग तापतं आणि पकड ०.३ वरून ०.२२ पर्यंत उतरली असं धरा. तोच गुणाकार आता २३० न्यूटन मीटरच्या आत येतो. इंजिन २९० देतंय, क्लच २३० धरतोय, उरलेले ६० इंजिनाचा काटा वर पळवतात, घसरण्याने उष्णता होते, त्या उष्णतेने पकड आणखी उतरते. म्हणून घसरणं सुरू झालं की वाढतच जातं, आणि म्हणूनच गार गाडीत सगळं ठीक वाटतं.

माझा नियम असा: इंजिनच्या खऱ्या कमाल टॉर्कवर २५ ते ३० टक्के राखीव. तुमच्या २९० ला साधारण ३६५ ते ३७५ धरणारा सेट हवा. यापेक्षा कमी घेतलात तर घाटात फसाल. दुप्पट घेतलात तर रोज त्याचा जाच सोसाल, त्या बदल्यात हाती काही लागणार नाही, कारण न घसरणारा क्लच आणखी घट्ट करून गाडी काडीचीही वेगवान होत नाही.

३१० चे ३७० करायला चार वाटा आहेत.

व्यास वाढवणं बेल हाउसिंगच्या आणि फ्लायव्हीलच्या मापात अडकतं. या गिअरबॉक्सच्या घराण्यात २.८ लिटरच्या व्हीआर६ (सहा सिलेंडरच्या) इंजिनाचा क्लच आणि त्याला जुळणारं सिंगल मास फ्लायव्हील बसतं, आणि जगभर १.८ टर्बोवाले तीच जोडी वापरत आले आहेत. बाजू वाढवायच्या तर दोन प्लेटचा क्लच लागेल. तो छान असतो, पेडल हलकं राहतं, पण किंमत आणि खडखड दोन्ही जास्त. ५०० न्यूटन मीटरच्या खाली मी त्याचं नावही काढत नाही.

उरल्या दोन वाटा: दाब वाढवा किंवा पकड वाढवा. खरी निवड इथेच आहे.

दाब वीस टक्क्यांनी वाढवला, ५,५०० चे ६,६०० केले, तर लायनिंग तेच ठेवून ३७० च्या वर पोचता. मोबदला पायाने द्यायचा. पेडल जड होतं, पण वीस-पंचवीस टक्के जड पेडल आठवड्याभरात अंगवळणी पडतं. त्यापलीकडे मात्र सिग्नलला गुडघा बोलायला लागतो. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात: पेडल दाबलेलं असतं तेवढा वेळ तो सगळा भार क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या) येतो. जड प्रेशर प्लेट घातल्यावर सिग्नलला पेडल दाबून गिअरमध्ये उभं राहायची सवय सोडा, न्यूट्रल करा. जुना मास्टर सिलेंडरही प्लॅस्टिकच्या बॉडीचा आहे. जड प्लेट बसवल्यावर तो काही महिन्यांत गळू लागलेला मी पाहिलाय, म्हणून त्याच वेळी नवा टाका.

पकड वाढवायची म्हणजे लायनिंग बदलायचं. ऑरगॅनिक म्हणजे तुमच्या मूळ गाडीतलं, रेझिन आणि तंतूंचं. हळुवार धरतं, आवाज करत नाही, जास्त तापलं की सुटतं. केव्हलार टिकतं खूप, पण सुरुवातीला हजार-दीड हजार किलोमीटर जपून चालवावं लागतं आणि एकदा जास्त तापून त्याच्यावर चकाकी आली की पकड जाते. मोकळे रस्ते असतील तर उत्तम, पण आपल्या रांगत्या ट्रॅफिकला मी ते सुचवत नाही. सिरॅमिक म्हणजे धातूची भुकटी आणि सिरॅमिक दाबून भाजलेले तुकडे, तेच ते पक. पकड जास्त, तापल्यावरही सुटत नाही. शर्यतीसाठी हेच हवं असतं.

मग मी तुम्हाला नको का म्हणतोय? कारण पकड किती, एवढाच प्रश्न नाही. पकड कशी येते हाही आहे. ऑरगॅनिक प्लेटमध्ये दोन लायनिंगच्या मध्ये पातळ, लाटांसारखी वळवलेली पोलादी पाती असतात. पेडल सोडताना आधी त्या लाटा दबतात, मग पूर्ण दाब येतो. तुमच्या पायाला जो ‘बाइटिंग पॉइंट’ लागतो तो या लाटांमुळे. पक क्लचमध्ये बहुतेक वेळा ही पाती नसतातच. तुकडा फ्लायव्हीलला टेकला की धरला, मधलं काही नाही.

माझ्याच एका ग्राहकाच्या आग्रहावरून मी सहा पकचा सेट बसवला होता, अशाच टर्बो गाडीत. पहिल्या दिवशी ते खूश होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमधून त्यांनी फोन केला. मी गेलो. रॅम्प चढावाचा, वर रस्त्यावर दुचाक्यांची रांग, आणि वर पोचल्यावर थांबून वाट बघायची. त्यांनी हलकेच क्लच सोडला की गाडी थडथडथड करत हादरायची, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती जागेवर नाचत होती. जोरात सोडला की गाडी उडी मारून रस्त्यावर. मधलं काही जमेचना, आणि ते चांगले, अनुभवी चालक होते. घरात दुसरं कोणी ती गाडी चालवू शकत नव्हतं. साताठ महिन्यांनी क्लच काढला तेव्हा सहा तुकडे जवळपास नवे होते. फ्लायव्हीलवर मात्र नखात अडकेल एवढी गोल चर आणि निळे-जांभळे चट्टे. तो खर्चही त्यांचाच. तेव्हापासून रस्त्यावरच्या गाडीत पक क्लच बसवायला मी स्पष्ट नाही म्हणतो.

या गाडीत आणखी एक धोका आहे. तुमच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये डिफरन्शियलची (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाची) मोठी रिंग बोल्टवर नाही, रिव्हेटवर बसवलेली आहे. झटक्याने धरणारा क्लच, चांगले टायर आणि सिग्नलवरून जोरात सुटणं हे तिन्ही एकत्र आलं की हे रिव्हेट सैल होतात, एखादा तुटून बाहेर येतो आणि गिअरबॉक्सचं आवरण आतून फोडतो. मऊ क्लच अशा वेळी क्षणभर घसरून तो झटका स्वतःवर घेतो. घरातल्या फ्यूजसारखंच आहे हे: क्लच म्हणजे बदलता येणारा भाग. त्याच्या जागी इतकं कठीण काही घालायचं की पुढचा तुटणारा भाग गिअरबॉक्सच ठरेल, हे मला पटत नाही. वीस वर्षं जुन्या आरएसचा चांगला गिअरबॉक्स शोधायला आता किती फिरावं लागतं, हे तुम्ही गाडी घेताना पाहिलंच असेल.

फ्लायव्हीलबद्दल. मूळ गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील आहे: दोन तबकड्या आणि त्यांच्यामध्ये लांब स्प्रिंगा, इंजिनाचे हादरे पिण्यासाठी. म्हणून तिच्या क्लच प्लेटमध्ये मधल्या स्प्रिंगा नसतात, ते काम फ्लायव्हील करतं. सिंगल मास घातलंत तर प्लेटच्या मध्यात स्प्रिंगा असायलाच हव्यात. हा गोंधळ मी दोनदा पाहिलाय, सिंगल मास फ्लायव्हीलवर स्प्रिंग नसलेली प्लेट. गाडी डिझेल टेम्पोसारखी वाजत आली होती. फ्लायव्हील आणि प्लेट नेहमी जोडीनेच ठरवा.

योग्य जोडी असली तरी सिंगल मासवर न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेलं असताना, बॉक्समधून थोडी खडखड येतेच. पेडल दाबलं की बंद होते. तो बिघाड नाही, गिअरचे दात मोकळे वाजतायत. पण ऐकून कान किटणार असतील तर आत्ताच सांगा, कारण मग नवं ड्युअल मास आणि त्यावर जास्त दाबाची प्लेट हा मार्ग आहे. खर्च जास्त, पण गाडी मूळ गाडीसारखी शांत. जुनं ड्युअल मास मात्र पुन्हा वापरू नका. रिमॅपवर चाललेल्या त्याच्या स्प्रिंगा आता थकल्या असणार, आणि ते लेथवर घासून नवंही करता येत नाही.

पाचसहा किलोचं हलकं फ्लायव्हील तुमच्या मित्रांना आवडतं, कारण काटा भराभर चढतो. ते खरंच छान वाटतं, मी नाकारत नाही. पण जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली गतीच तुम्हाला पहिल्या गिअरमध्ये गाडी हलवायला मदत करते. एसी चालू, चार माणसं, चांदणी चौकाच्या चढावर रांग: तिथे हलकं फ्लायव्हील दर दुसऱ्या वेळी इंजिन बंद पाडतं, मग तुम्ही जास्त आरपीएम देऊन जास्त वेळ हाफ क्लच ठेवता, आणि नवं लायनिंग तापतं.

यातलं काय बदललं तर माझं उत्तर बदलेल, तेही सांगतो. पुढे मोठा टर्बो घालून ४०० न्यूटन मीटरच्या वर जायचं नक्की असेल, तर आज ३७० चा सेट घेऊन दोनदा गिअरबॉक्स उतरवू नका; मोठ्या आकड्याचा घ्या, आणि डिफरन्शियलचे रिव्हेट काढून बोल्ट घालून घ्या. गाडी ट्रेलरवरून कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जाणार आणि रस्त्यावर फारशी येणारच नसेल, तर सिरॅमिक बरोबर. उलट, रिमॅप काढून गाडी मूळ ताकदीवर आणायचा विचार असेल तर मूळ मापाचा एलयूके किंवा सॅक्सचा सेट पुरेसा आहे, कुठल्याच अपग्रेडवर पैसे घालवू नका. आणि गाडी घरात आणखी कोणी चालवत असेल तर ठरवण्याआधी त्यांना जड पेडलच्या गाडीत एकदा बसवा.

बॉक्स एकदा खाली आला की मजुरी झालीच, म्हणून त्याच वेळी क्रँकचं मागचं सील, इनपुट शाफ्टचं सील, रिलीज बेअरिंग आणि त्याची गाइड स्लीव्ह नवी घाला. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणले जाणारे असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायला सांगा. एकाच बाजूने आवळले की कव्हर वाकतं आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. बसवणाऱ्याच्या हाताला ग्रीस असेल तर आधी हात धुवायला लावा, लायनिंगवर उमटलेलं एक ग्रीसचं बोटही पुरतं. क्लच आणि ब्रेक यांचं ऑइल या गाडीत एकाच डब्यातून जातं, तेव्हा ब्लीडिंग करताना डब्यावर लक्ष हवं, आणि नंतर ब्रेकचं पेडलही तपासा.

पहिले ७००-८०० किलोमीटर फक्त शहरात चालवा, टर्बो पूर्ण भरू देऊ नका, घाट तर नकोच. लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांना पूर्ण टेकायला क्लच अनेकदा धरावा-सोडावा लागतो. त्यासाठी हायवेचे हजार किलोमीटर निरुपयोगी आणि कोथरूड-हिंजवडीचे दोन आठवडे उत्तम. त्यानंतर ती चौथ्या गिअरची चाचणी पुन्हा करा. त्याआधी, या शनिवारी, डायनोचा कागद मिळतो का बघा आणि ब्लीड निपलची तपासणी करून घ्या. काय दिसलं ते लिहा, मग सेटचा नेमका आकडा ठरवू.